ठरलेल्या वेळी मरणाऱ्या पेशी

सी. एलिगन्स हा सूत्रकृमी लांबीला जेमतेम एक मिलिमीटर. कुजक्या पाल्यात, सडक्या फळांत जंतू खाऊन जगतो. अंग आरपार दिसणारं, नवी पिढी तीन-चार दिवसांत तयार. १९६०च्या दशकात केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांनी संशोधनासाठी त्याला निवडलं ते याच गुणांसाठी.

ब्रेनर यांच्या प्रयोगशाळेतल्या जॉन सल्स्टन यांनी पुढे जे केलं, ते आज कोणी करील असं वाटत नाही. एका पेशीपासून अंड्याबाहेर पडणाऱ्या अळीपर्यंत कोणती पेशी कधी दुभंगली, तिच्या लेकींचं काय झालं, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून टिपलं, रंगीत पेनांनी कागदावर काढलं. रोज चार-चार तासांच्या दोन बैठका, अशी सुमारे दीड वर्षं. १९८३ साली हे काम प्रसिद्ध झालं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांत घराण्यांच्या वंशावळी सापडतात. ही एका किड्याची, पण एकही नाव न गाळलेली.

या वंशावळीत मृत्यूचीही नोंद आहे. उभयलिंगी कृमी पूर्ण वाढेपर्यंत त्याच्या शरीरात, जननपेशी सोडून, १,०९० पेशी जन्मतात आणि त्यांतल्या १३१ मरतात, उरतात ९५९. कुठलाही कृमी घ्या, मरणाऱ्या पेशी त्याच आणि वेळही तीच. मरू लागलेली पेशी फुगीर, चकचकीत दिसते आणि बहुधा तासाभरात शेजारीण तिला गिळून टाकते. म्हणजे हा अपघात नव्हे, घडणीचाच भाग. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी हे मरण घडवून आणणारी जनुकं शोधली. ती बिघडवली तर त्या पेशी मरत नाहीत. गंमत म्हणजे, जास्तीच्या पेशी घेऊनही कृमी बऱ्यापैकी सुखात जगतो!

त्या दीड वर्षात सल्स्टनना कोणी ‘याचा उपयोग काय?’ असं विचारलं असतं, तर सांगण्याजोगं फारसं नव्हतं. संशोधनाला पैसे देण्याआधी हाच प्रश्न पहिला विचारायचा, ही आपली सवय मला घातक वाटते. बीसीएल-२ नावाचं माणसाचं एक जनुक पेशींना मरू देत नाही. एका रक्ताच्या कर्करोगात ते बेसुमार काम करतं. १९९२ साली तेच जनुक या कृमीत घालून पाहिलं, तेव्हा त्याच्याही मरणाऱ्या पेशी वाचल्या. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ साली नोबेल मिळालं, ते वैद्यकशास्त्राचं.