मान्ना थांबला तो दिवस

शास्त्रपाठ : यहोशवा ५:१०-१२, योहान ६:५-१३



गेल्या कापणीच्या सणाला आमच्या भोपाळच्या मंडळीत घडलेली एक गोष्ट मला अजून टोचते. उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव चालला होता. केक, फळांच्या टोपल्या, परदेशी चॉकलेटचा डबा यांना भराभर बोली लागली. मग एका आजीबाईंनी आणलेली ज्वारीची पिशवी वर उचलली गेली आणि सगळे गप्प झाले. "पाखरांना होईल," कोणीतरी म्हणाले. लोक हसले. हसणाऱ्यांत मीही होतो.

नंतर आजीबाई मला म्हणाल्या, "बाबा, बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यात खडी फोडलीय. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापता थापता तुटायची. पोरं तोंड फिरवायची. घरच्या मूठभर ज्वारीसाठी मी देवाजवळ रडले होते." ती पिशवी मी विकत घेतली. पण हसून बसलो होतो, त्याचे काय?

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९५६ साली अमेरिकेशी 'पी. एल. ४८०' हा करार झाला आणि तिकडचा गहू आपल्याकडे येऊ लागला. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ उपास करण्याची हाक देशाला दिली. १९६६ साली तर सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. बोटी बंदराला लागल्या तर चूल पेटायची, अशी स्थिती. आणि १९७२ मध्ये ज्वारी पिकवणाऱ्या महाराष्ट्राला समुद्रापलीकडचा मिलो खावा लागला. हा मिलो म्हणजे तरी काय? ज्वारीचीच बहीण!

त्या मदतीला मी नावे ठेवत नाही. तिने पुष्कळांचे प्राण वाचले. रानात इस्राएल लोकांना मिळालेला मान्ना ही देवाचीच कृपा होती. परंतु यहोशवाच्या पुस्तकात काय घडले ते पाहा. लोक गिलगाल येथे उतरले, त्यांनी वल्हांडण पाळला, दुसऱ्या दिवशी त्या देशाच्या पिकाच्या बेखमीर भाकरी आणि हुरडा खाल्ला. त्यानंतर मान्ना बंद झाला. चाळीस वर्षे मिळालेले अन्न थांबले, तरी कोणी आक्रोश केल्याचे लिहिलेले नाही.

प्रियजनहो, देवाने हात आखडता घेतला म्हणून मान्ना थांबला नाही. तोच हात आता मातीतून देऊ लागला होता. आकाशातून पडलेले तेवढे देवाचे आणि शेतातून उगवलेले आपले साधेसुधे, असा भेद आपण करतो. देव करीत नाही.

आपल्या देशाला गव्हाच्या बाबतीत हा दिवस दिसला. भोपाळात गहू परका नाही. शेजारच्या सीहोरचा शरबती गहू नावाजलेला आहे. तो आनंदाने खावा. पण बाहेरचा मान्ना थांबला तरी मनातला थांबला नाही. जे दुरून येते, चकचकीत वेष्टनात येते, ते श्रेष्ठ. आणि ज्वारी, बाजरी, मंडला-दिंडोरीकडच्या आदिवासी बांधवांची कोदो-कुटकी हे गरिबांचे खाणे! ही धान्ये थोड्या पाण्यावर, हलक्या जमिनीत येतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा कुठे आपल्यापैकी काहींना त्यांची आठवण झाली. जगाने वाखाणल्यावरच आपली भाकर आपल्याला गोड लागावी काय?

पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट आठवा. फिलिप्प पैशांचा हिशेब करीत होता. त्या मुलाजवळ होत्या जवाच्या भाकरी. जव हे त्या काळी गरिबांचे धान्य. प्रभूने उंची अन्न मागवले नाही. तेथे होते तेच हाती घेतले, उपकारस्तुती केली आणि सर्वांना पुरवले. आंद्रियाला मात्र ते फारच थोडे वाटले होते. आजीबाईंच्या पिशवीपुढे आम्ही आंद्रियाहूनही कोते ठरलो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हा पाठ घेताना मुलांपुढे ज्वारी, बाजरी, कोदो मूठमूठ ठेवा, हाताळू द्या. हे कोणी पिकवले, विचारा. महिला संघाने एखाद्या रविवारच्या प्रीतिभोजनात भाकरी आणि झुणका करावा. आणि पुढच्या कापणीच्या सणाला धान्याच्या पिशवीवर पहिली बोली मंडळीच्या वडिलांनी लावावी.

मराठीतून प्रभूची प्रार्थना करताना आपण रोज काय मागतो? भाकर. मागितलेली भाकर ताटात आली, तर तिला हसू नये. ज्या हाताने ती थापली आणि ज्याने ती उगवली, त्या दोघांचाही त्यात अपमान होतो.

प्रभू आपल्याला कृतज्ञ मन देवो. आमेन.