नकाराचा मान

मूल स्वतःसाठी निवड करू शकत नाही तोवर त्याच्या वतीने आईबापांनी निवड करावी, ही गोष्ट आपण इतकी स्वाभाविक मानतो की तिच्यात काही नैतिक प्रश्न असेल असे सहसा वाटत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचा खंदा पुरस्कर्ता जॉन स्टुअर्ट मिल यानेही १८५९ साली आपले स्वातंत्र्यविषयक तत्त्व मांडताना ते लहान मुलांना लागू नाही, असे स्पष्ट बजावले होते. मूल पुढे जाणते होईल आणि आपले मत आपणच सांगू लागेल, हा भरवसा या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. परंतु जे मूल बोलत नाही, आणि पुढे बोलेल की नाही हेही कोणी सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत मोठ्यांच्या अधिकाराला मर्यादा कोणती? हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी माझ्या घरातच उभा राहिला.

माझ्या नातवाच्या स्वमग्नतेचे निदान झाले तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. नळाच्या धारेकडे तो तासन्‌तास पाहत राही. नको असलेली गोष्ट पुढे आली की टेबलाखाली शिरे. तेथूनही ओढून काढले तर स्वतःच्या मनगटाला चावे. डॉक्टरांनी वर्तनोपचार सुचवले आणि उशीर करू नका, असेही सांगितले. माझ्या मुलीने शहरातील केंद्रांची यादी केली. जावई परगावी नोकरीला असल्यामुळे केंद्रे पाहायला तिच्याबरोबर मी जाऊ लागलो.

पहिले केंद्र प्रशस्त व टापटिपीचे होते. संचालकांनी आलेख दाखवले आणि आठवड्याला तीस तास दिल्यास सहा महिन्यांत मूल इतरांसारखे खुर्चीवर बसू लागेल, असे आश्वासन दिले. आतल्या खोलीत पाच-सहा वर्षांचा एक मुलगा ठोकळे लावत होता. तो हात झटकू लागला की शिक्षिका ते धरून त्याच्या मांडीवर ठेवी व ‘हात खाली’ म्हणे. हात खाली राहिले की बिस्किटाचा तुकडा मिळे. एकदा तो खुर्चीवरून घसरून टेबलाखाली जाऊ लागला, तेव्हा त्याला उचलून पुन्हा बसवण्यात आले. तिसऱ्या खेपेनंतर तो निमूट बसला. ‘पाहिलंत?’ संचालक समाधानाने म्हणाले. त्या शिक्षिकेत क्रौर्य मुळीच नव्हते, हे मला सांगितले पाहिजे. तरीही परतताना माझी मुलगी रिक्षात एवढेच म्हणाली, ‘बाबा, तो शिकला की थकला, ते मला कळलं नाही.’

तिच्या या एका वाक्यात सारा प्रश्न सामावलेला आहे, असे मला वाटते.

वर्तनोपचारांविषयी बोलताना त्यांचे ऋण विसरून चालणार नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर दीर्घकाळ आईच्या मायेतील ओलाव्याच्या अभावाला तिचे कारण मानले गेले आणि असंख्य माता विनाकारण अपराधी ठरल्या. कारण काहीही असो, हे मूल शिकू शकते, असे वर्तनवाद्यांनी ठामपणे म्हटले, हा त्यांचा मोठेपणाच. ईवार लोवास यांच्या १९८७ च्या प्रसिद्ध अभ्यासात आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत पहिली पार करू शकली. या आकड्यांनी जगभरातील पालकांना आशा दिली. परंतु त्या अभ्यासातील गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती, आणि त्या शिकवण्यात मोठ्याने दटावणे व मांडीवर चापट मारणे यांनाही स्थान होते. इतर मुलांत मिसळल्यावर मूल वेगळे ओळखू येऊ नये, ही तेथील यशाची कल्पना होती.

मला खटकते ते येथे. न बोलणाऱ्या मुलाजवळ नकार देण्याचे साधन कोणते? टेबलाखाली शिरणे, मान फिरवणे, ओरडणे, चावणे, एवढेच. आणि उपचारांचा विषयही नेमके हेच वर्तन असते. म्हणजे उपचार ‘यशस्वी’ होत असताना मुलाची एकुलती एक भाषा पुसली जाण्याचा धोका संभवतो. बोलत्या मुलाला शिस्त लावताना आपण त्याचे म्हणणे डावलतो, पण ते आपल्या कानांवर पडलेले तरी असते. या मुलाचे म्हणणे दोष म्हणून नोंदवले जाते आणि ते थांबले की आलेखावरची रेषा प्रगती दाखवते.

यावर रास्त आक्षेप असा की, मुलाचा प्रत्येक नकार मानायचा म्हटले तर संगोपनच अशक्य होईल. माझा नातू रस्त्यावर धावत सुटला तर मी त्याला धरणारच. दात घासायचे नाहीत हेही मी मान्य करणार नाही. हे खरे आहे. परंतु नकार मोडणे वेगळे आणि नकार देण्याची शक्तीच मोडणे वेगळे. जे मूल कोणत्याही मोठ्या माणसाने सांगितलेले निमूट करायला शिकते, ते वाईट हेतूच्या माणसाचेही ऐकेल, ही भीती काल्पनिक नाही.

या कोड्याची उकल याच शास्त्रात सापडते, हे विशेष. एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली दाखवून दिले की, त्रासदायक वर्तनातून मूल काय मागत आहे हे आधी शोधले आणि तेच मागण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवला, तर ते वर्तन कमी होते. आम्ही पाहिलेले तिसरे केंद्र दोनच खोल्यांचे होते. तेथील ताईंनी पहिल्या दिवशी नातवाला काहीच शिकवले नाही. त्या त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. ‘याला नको असेल तेव्हा तुम्ही काय करता?’ असे मुलीने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘आधी “पुरे” म्हणायला शिकवते. बाकीचं त्यानंतर.’ तो इतरांसारखा केव्हा होईल, याचे उत्तर त्यांनी दिले नाही.

निवड करताना शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे असलेली नोंदणी पाहावी, सत्र चालू असताना पालकांना आत बसू देतात काय ते विचारावे, शुल्क व तास नीट समजून घ्यावेत. पण मुलीने विचारलेला प्रश्न या साऱ्यांच्या आधीचा आहे. आपल्या संसदेने केलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, आपल्याशी संबंधित बाबींवर मत व्यक्त करण्याचा दिव्यांग मुलांचा हक्क मान्य करून त्यासाठी आवश्यक ते साहाय्यही द्यावे, असे म्हटले आहे. ज्याला शब्द नाहीत त्याच्या मताला साहाय्य म्हणजे दुसरे काय असणार?

आम्ही तिसरे केंद्र निवडले. पहिल्या केंद्रात तो अधिक लवकर अधिक काही शिकला असता काय, ही शंका मुलीला रात्री अजूनही छळते, आणि तिचे निरसन मला करता येत नाही. निवडीचा अधिकार आपला असला म्हणजे तिचा भारही आपलाच. गेल्या महिन्यात मी त्याला जवळ घेऊन गोष्ट सांगत होतो. बराच वेळ ऐकल्यावर त्याने खिशातून ‘पुरे’चे कार्ड काढून माझ्या हातात ठेवले. गोष्ट अर्धीच राहिली होती. मी हात सोडले, आणि तो शांतपणे उठून नळाकडे गेला.