दैव की पहारा?

ग्रीक कथेतल्या इडिपस राजाचा नाश जन्माआधीच देववाणीनं ठरवला होता. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनाही आपण दुर्दैवी राजे म्हणतो. मला तो शब्द अपुरा वाटतो. त्यांच्या आधीचे राजे राजाराम महाराज १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले आणि १८७१ मध्ये हा लहान मुलगा दत्तक आला. पुढे वेडे ठरवून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथेच २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्याला ठेवलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, ऐन विशीत त्यांचा अंत झाला.

कुणी म्हणेल, महाराज खरोखरच आजारी होते. शिवाय टिळक-आगरकरांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर महाराजांच्या छळाचा आरोप करताना ज्या पत्रांवर भिस्त ठेवली, ती बनावट निघाली आणि १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्रांचं मान्यच. पण त्यानं बर्वे यांच्यावरचा आरोप कोसळतो, पहाऱ्याचा प्रश्न नाही. उलट आजार खरा मानला तर तो प्रश्न अधिकच बोचतो: आजारी तरुणाला वैद्य हवा, मायेची माणसं हवीत, त्याच्याजवळ शिपाई कशासाठी? देववाणीला जाब विचारता येत नाही. इथले निर्णय मात्र इंग्रज सरकारच्या माणसांनी घेतले होते, आणि ते दैवाच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही.