तिला विचार, आणि थांब

बस. आणि 'आम्ही आधीच सांगितलं होतं' हे पुन्हा माझ्यापुढे उच्चारू नकोस. चार वर्षांनी मठ सोडून ताई घरी आली, आणि तुम्ही काय केलंत? पाहुण्यांसमोर तिच्या गुरूची नक्कल केलीत. तिचे फोटो तिला न विचारता जाळलेत. आता आई तिला उतारा काढायला दुसऱ्या महाराजांकडे नेणार, आणि गाडी तू चालवणार! लाज वाटत नाही?

म्हणे, एम.एस्सी. झालेली बाई फसली कशी? २० मार्च १९९५ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथाच्या माणसांत हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता, भौतिकशास्त्र शिकलेले होते. दुःखात कोणी जवळ घेतलं की माणूस तिकडे झुकतो, पदवी असो नसो. पैसा, झोप, नातेवाईक हे मागाहून हळूहळू सुटतात. वडील गेले तेव्हा ती एकटी पडली होती. तू कुठे होतास?

ती पहाटे दचकून उठते ते नाटक नव्हे. 'मठ सोडलास तर घरावर कोप होईल' हे रोज कानी पडलंय. ते खोटं आहे हे कळलं, तरी अंगात भिनलेली भीती लगेच जात नाही. तिने स्वतः नेलेल्या मैत्रिणी अजून तिथेच आहेत, ती टोचणी वेगळीच. आणि तिथलं भजन, तिथली सोबत आठवून रडली, तर रडू दे. तेही तिचं गेलंय.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३मध्ये, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात बसणारा गुन्हा घडला असेल, तर भोंदूला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तक्रार करायची की नाही, हे ती ठरवेल. तू नाहीस. तिकडे तिने प्रश्न विचारायचा नाही, इकडे तुम्ही तिला बोलूही देत नाही. फरक काय राहिला?

तिचं जेवण, कपडे, फोन सगळं चार वर्षं दुसऱ्यांनी ठरवलं. म्हणून आज भाजी कोणती करायची ते तिला विचार, आणि ती सांगेपर्यंत थांब. बँकेत, विद्यापीठात कागदपत्रांसाठी तिच्याबरोबर जा, पण बोलू दे तिलाच. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक तिला दे. फोन करायचा की नाही, ते ती बघेल. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर मात्र वाट पाहू नकोस. एकटी सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.