डबा तोच, आत कोण?

जुन्या हुबळीतल्या कमरीपेठेसारख्या पेठेत घरे एकमेकांना खेटून असतात. दिवाणखाना म्हणून जी खोली असते तिथे टीव्हीला जागा मिळाली की बाकीच्या सामानाने आपापले बघून घ्यायचे. समजा, अशाच एका घरात टीव्हीखाली 2012 सालचा संगणक आहे: तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. नातवाने तो सिनेमे बघायला बसवला आणि आजोबांनी हळूहळू गाण्याच्या मैफलींनी भरून टाकला. वर्षानुवर्षे कुणाची तक्रार नव्हती. मग घरात फोर-के टीव्ही आला, आणि नवी फाइल लावली की चित्र दर दोन क्षणांनी अडखळू लागले.

यात यंत्राच्या म्हातारपणाचा दोष नाही. 2012 मध्ये ते जे काम करत होते ते आजही तेवढ्याच वेगाने करते. बदलली आहे ती चित्र बांधून ठेवण्याची रीत. एच.264 ही 2003 सालची पद्धत, आणि ती उलगडणारा खास भाग त्या प्रोसेसरमध्ये आहे. 2013 मध्ये एचईव्हीसी आली. तितकेच चांगले चित्र ती जवळपास निम्म्या जागेत बसवते, पण उलगडायला मेहनत फार. त्यासाठीचा भाग 2012 च्या प्रोसेसरमध्ये असणार कसा? सगळे ओझे त्याच्या दोन कोअरवर पडते. फोर-केच्या एकेका चौकटीत 82,94,400 ठिपके असतात, फुल एचडीच्या बरोबर चौपट. त्यातून जुने एचडीएमआय 1.4 असेल तर सेकंदाला 30 चौकटींच्या पुढे फोर-के जातच नाही.

उपाय अवघड नाही. 2017 साली आलेल्या जीटी 1030 सारखे छोटे ग्राफिक्स कार्ड 30 वॉटमध्ये भागवते, पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही, दहा-बिट एचईव्हीसी तेच उलगडते आणि एचडीएमआय 2.0 मधून सेकंदाला 60 चौकटी सोडते. हार्ड डिस्क काढून एसएसडी, रॅम आठ जीबी. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 अधिकृतपणे इतक्या जुन्या प्रोसेसरवर चढत नाही, म्हणून लिनक्स आणि त्यावर सिनेमे-गाणी लावणारे कोडी. एवढ्यावर थांबता येते. पण व्हिडिओच्या जगात 2018 पासून एव्ही1 नावाची आणखी एक पद्धत आहे आणि ती या कार्डाला उलगडत नाही. नातू मग मदरबोर्डच बदलायचे काढतो. मदरबोर्ड बदलला की प्रोसेसर बदलतो, रॅमही बदलते. शेवटी उरतो पत्र्याचा डबा, आणि त्यातला पंखाही आवाज करतोय.

‘आजोबा, नवा कॉम्प्युटर आणलाय असंच समजा आता.’

‘नवा कशाला? तोच आहे की. माझी गाणी आहेत ना त्यात?’

हा वाद दुकानदाराने सोडवायचा नाही. दोन हजार वर्षे तो पंडितांनाही सुटलेला नाही.

व्यवहाराने मात्र आपापली उत्तरे कधीच देऊन टाकली आहेत. तयार संगणकासोबत येणारा विंडोजचा परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो. डिस्क बदला, रॅम बदला, मायक्रोसॉफ्ट काही म्हणत नाही. बोर्ड बदलला की त्याच्या लेखी ते यंत्र वेगळे. म्हणजे मायक्रोसॉफ्टने संगणकाचा आत्मा नेमका कुठे असतो हे ठरवले आहे, आणि तेही कुठल्या उपनिषदाचा आधार न घेता. आरटीओच्या लेखी तो मान चेसिसच्या क्रमांकाचा. इंजिन बदलून तशी नोंद आरसी बुकात करून घेता येते, गाडी तीच राहते. दोन्ही उत्तरे कामापुरती चोख आहेत, आणि दोन्हींमागे कुणाचा तरी हिशेब आहे: एकीकडे परवान्याचा, दुसरीकडे कर आणि चोरीचा.

ग्रीकांकडे हा प्रश्न थीसियसच्या जहाजावरून विचारला गेला. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या. सगळ्या बदलून झाल्यावर जहाज तेच का? प्लुटार्कने तो नोंदवला आणि सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने त्यात काडी घातली. काढलेल्या जुन्या फळ्या जपून कुणी त्यांचेच दुसरे जहाज बांधले तर? संगणकाच्या बाबतीत ही कल्पनेची भरारी राहत नाही. जुना बोर्ड, जुनी रॅम, जुनी डिस्क दुकानात एक्स्चेंजला जातात आणि आठवड्याभरात कुणा विद्यार्थ्याच्या खोलीवर दुसऱ्या डब्यात चालू होतात. खरा जुना संगणक मग कुठला? कमरीपेठेतला की विद्यार्थ्याकडचा?

भारतात हाच पेच रथावर मांडला गेला. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्षू नागसेन त्याला विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय, आस की चाके की जू? राजा एकेक नाकारतो. सगळे मिळून रथ, म्हणजे रथ हे व्यवहारापुरते नाव, आणि तेच माणसाचेही, असे नागसेन त्याच्याकडून वदवून घेतो. न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य होणे शक्यच नव्हते. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खरोखर असतो. घडा म्हणजे मातीच्या कणांची गर्दी नाही.

पण मग कच्चा घडा भट्टीत भाजला जाऊन लाल होतो तेव्हा काय होते? इथे न्याय आणि वैशेषिक ही सख्खी भावंडेसुद्धा भांडली. वैशेषिक पीलुपाकवादी: आगीने घड्याचे परमाणू सुटे होतात, एकेक परमाणू लाल होतो आणि त्यांतून पुन्हा नवा घडा जुळतो, इतक्या झपाट्याने की डोळ्यांना कळत नाही. नैयायिक पिठरपाकवादी: घडा अखंडच भाजला जातो. नाहीतर त्याच्यावर रचलेले घडे खाली का पडत नाहीत, त्याच्यावरची रेघ जागच्या जागी कशी राहते? वैशेषिकांचे मत ऐकायला विलक्षण वाटते खरे, पण मदरबोर्ड बदलताना घडते ते जवळजवळ तेच. यंत्र पूर्ण सुटे होते आणि पुन्हा जुळते. संध्याकाळी टीव्हीवर कोडीचा तोच निळा पडदा आला की घरातल्यांना मधल्या सुट्या अवस्थेचा पत्ताही लागत नाही.

हुबळीत बसून हे लिहिताना सिद्धारूढ स्वामींना वगळता येणार नाही. 1836 ते 1929 हा त्यांचा काळ. त्यांचा मठ शहराचे श्रद्धास्थान आहे आणि रेल्वे स्थानकालाही आता त्यांचेच नाव आहे. त्यांच्या अद्वैताच्या नजरेने पाहिले तर घडा, डबा, बोर्ड हे सगळे नामरूप, खरी ती माती. पण मातीपर्यंत खाली गेले की नातवाचा संगणक आणि शेजाऱ्याचा मिक्सर यांतही फरक उरत नाही. उत्तर मोठे आहे, प्रश्न त्याहून छोटा होता.

देवळांना हा प्रश्न तत्त्वज्ञांपेक्षा जास्त पोळतो, कारण तिथे झीज खरोखर होते. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीवर 2015 मध्ये पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केले. नंतर मस्तकावरच्या नागचिन्हावरून वाद पेटला. मूर्ती टिकली पाहिजे हे सगळ्यांना मान्य होते. वाद कोणत्या खुणेपर्यंत ती तीच राहते यावरचा होता. पुरीत त्याच वर्षी याच्या उलट टोकाचा विधी झाला, नवकलेवर. जगन्नाथाची लाकडी मूर्तीच पूर्ण बदलतात: 1969, 1977, 1996, 2015. कडुनिंबाचे नवे लाकूड येते, रात्री डोळे बांधून आणि हात कापडात गुंडाळून दइतापती सेवक ‘ब्रह्मपदार्थ’ जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत ठेवतात, आणि जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरल्या जातात. कोल्हापूरची श्रद्धा शरीराला धरून आहे, पुरीची आतल्या एका गाभ्याला. आजोबा नकळत पुरीच्या बाजूचे: जुन्या डिस्कवरची गाणी नव्या डिस्कवर गेली ना, मग झाले.

तरी या वादाला सर्वांत उपयोगी उत्तर जैनांकडून आले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दक्षिणेतले आचार्य समंतभद्र यांनी ‘आप्तमीमांसे’त एक दृष्टांत दिला आहे. सोन्याचा घडा मोडून मुकुट केला. ज्याला घडा हवा होता तो शोक करतो, ज्याला मुकुट हवा होता तो हर्षतो, ज्याला सोनेच हवे होते त्याला ना शोक ना हर्ष. घटना एकच, आणि तिघांपैकी कुणीही भ्रमात नाही. नाश, उत्पत्ती आणि टिकणे ही तिन्ही एकाच वस्तूत एकाच वेळी खरी आहेत. ‘तोच आहे का?’ हा प्रश्न मग अर्धाच उरतो. कुणाला काय हवे होते हे सांगितल्याशिवाय त्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही. आणि सांगितले, की उत्तर मनमानी राहत नाही. सोने हवे असणाऱ्याला पितळ देऊन भागणार नाही.

हेच मोजमाप पडद्यावरच्या चित्राला लावले की गंमत वाढते. दूरदर्शनचे जुने रंगीत चित्रण 720 गुणिले 576 ठिपक्यांत मावते, म्हणजे 4,14,720. फोर-के पडदा त्याच्या बरोबर वीसपट. कार्यक्रम पूर्ण पडदाभर दाखवायचा तर वीस ठिपक्यांमागे एकोणीस ठिपके यंत्राने शेजारच्यांवरून अंदाजाने भरलेले. नैयायिक याला प्रत्यक्ष म्हणणार नाहीत, अनुमान म्हणतील. सिनेमाच्या फिल्मचे तसे नाही, तिच्यात खरा तपशील दडलेला असतो. पण फिल्म जळते. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या. 2015 मध्ये फोर-के प्रती तयार झाल्या तेव्हा ‘पथेर पांचाली’चा सुमारे 40 टक्के भागच त्या मूळ निगेटिव्हवरून घेता आला, बाकीचा इतर प्रतींवरून. आज जगभर जी ‘पथेर पांचाली’ पाहिली जाते ती तीच आहे, असे बिनदिक्कत म्हणता येते, कारण प्रेक्षकाला हवी होती ती रायांची चौकट. सेल्युलॉइडची पट्टी संग्रहालयाला हवी होती.

आजोबांच्या फोल्डरमध्ये गंगूबाई हनगल यांची गाणी आहेत. हुबळीत राहून कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे रेल्वेने शिकायला जाणाऱ्या गंगूबाई (1913 ते 2009) म्हणजे सगळ्या घराच्या मानाच्या. त्यांच्या 1930 च्या दशकातल्या सुरुवातीच्या तबकड्यांवर नाव आहे ‘गांधारी’, आणि आवाज बारीक, उंच. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो आवाज गेला आणि जगाला माहीत असलेला भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाज आला. नाव बदलले, आवाज बदलला. समंतभद्रांची तीन माणसे इथेही उभी करता येतात: कुणी गांधारीचा बारीक आवाज शोधत येईल, कुणी गंगूबाईंचा भरदार, आणि कुणी किराणा घराण्याची स्वरामागून स्वर सावकाश उलगडत नेणारी बढत.

नव्या संगणकावर कोडी गाण्यांची यादी करायला बसते तेव्हा ते यातले काही विचारत नाही. फाइलवर लिहिलेले नाव वाचते आणि ‘गांधारी’ व ‘गंगूबाई हनगल’ अशा दोन वेगळ्या गायिका मांडून मोकळे होते. त्यांना एका नावाखाली आणायचे की वेगळेच ठेवायचे, हे नातवाने आजोबांना विचारले, तर आजोबांनी आधी दोन्ही नावांची गाणी लावायला सांगितली.