श्वासाचें माप आणि जीविताचें माप

फुप्फुसांच्या जुनाट विकारानें पीडित मनुष्याचें जीवित कितपत सुखाचें आहे, हें दुसऱ्यास मोजतां येईल काय? हा प्रश्न केवळ डाक्तरांचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. दमेकऱ्याच्या खाटेजवळ बसून "आतां बरें वाटतें ना?" असें विचारणारा प्रत्येक जण हेंच माप घेत असतो.

श्वास मोजण्याचें यंत्र जुनें आहे. जॉन हचिन्सन नामक वैद्यानें १८४६ सालीं लंडन येथें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. जोरानें फुंकल्यास पहिल्या सेकंदांत किती हवा बाहेर पडते, हें आतां त्यावरून कळतें. परंतु यंत्रावर एकच आंकडा आलेल्या दोघां रोग्यांपैकीं एक बाजारास जातो व दुसरा उंबऱ्याबाहेर पडण्यास भितो, असेंही दिसतें.

म्हणून रोग्यासच विचारण्याची रीति पडली. कॅनडांतील हॅमिल्टन येथें गायट व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत धाप, थकवा, मनाची स्थिति व रोगावरील ताबा यांविषयीं प्रश्न असून, धाप लागणारीं कोणतीं पांच कामें आपणांस महत्त्वाचीं वाटतात, हें मुळांत रोग्यानेंच निवडावयाचें असे. ही योजना आम्हांस फार मोलाची वाटते. पुढें १९९२ सालीं लंडनच्या सेंट जॉर्ज संस्थेंतील पॉल जोन्स प्रभृतींनीं दुसरी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत शून्य म्हणजे उत्तम व १०० म्हणजे अत्यंत वाईट; ४ गुणांचा फरक पडल्यास तो रोग्यास जाणवण्याजोगा धरतात. टेंकडी चढण्याबरोबर नाच व गोल्फ यांचीही तींत विचारपूस आहे! इंग्लंडांत तें शोभतें. आमच्या खेड्यांतील जिचीं फुप्फुसें चुलीच्या धुरानें बिघडलीं, त्या बाईस हंडा व सरपण यांविषयींच विचारलें पाहिजे.

परंतु खरी अडचण पुढेंच आहे. अशी बाई "मला धाप लागत नाहीं" म्हणून सांगते, आणि तें खोटें नसतें. विहिरीवर जाणें तिनें सोडलें, मग सरपण आणणें सोडलें, पुढें नातवास कडेवर घेणेंही सोडलें. धाप लागावी असें कामच उरलें नाहीं, मग धाप कोठून लागणार? जी स्वतःस समाधानी म्हणविते तिला दुःखी ठरविण्याचा आम्हांस काय अधिकार, असें कोणी विचारील. आक्षेप वजनदार आहे. तिचा शब्द खोडून काढणें हा उद्धटपणाच होईल. तथापि सोशिकपणा व नाइलाज हीं बाहेरून सारखींच दिसतात, आणि सोशिकपणाची वाखाणणी करणें आम्हां निरोग्यांस फार सोयीचें पडतें; तिनें सोसलें म्हणजे आम्हांस धुराची वाट करावी लागत नाहीं. यास्तव "कशी आहेस?" एवढ्यावर न थांबतां "काय काय सोडलेंस, आणि त्यांतील काय परत हवेंसें वाटतें?" असें विचारावें. उत्तर तिचेंच राहूं द्यावें. तिच्या नांवापुढें ८० गुण पडले, तरी तो आंकडा रोगाच्या ओझ्याचा आहे, तिच्या किंमतीचा नव्हे.

ही विचारपूस निष्फळ नाहीं. जाणत्यांच्या देखरेखीखालीं कांहीं आठवडे चालण्याचा व हातपायांचा व्यायाम केल्यास, यंत्रावरील आंकडा जवळजवळ तोच राहिला तरी, अशा प्रश्नावलींतील गुण पुष्कळांचे सुधारतात. सोडलेलीं कामें थोडथोडीं परत हातीं येतात. कोणास विहिरीपर्यंत जातां येतें, कोणास नातवास उचलतां येतें.