न वापरलेल्या क्लिप्स

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर तात्यांचा स्टुडिओ होता. हाताखाली दोन पोरं, एक साताऱ्याचा आणि एक लातूरची. तात्या त्यांना गावाच्या नावानेच हाक मारत.

आषाढीच्या आधी आळंदीचे एक बुवा अभंगांचा अल्बम करायला आले. बुवांचा आवाज, पेटी, पखवाज, वीणा, टाळ आणि मागचे टाळकरी मिळून आठ ट्रॅक झाले. 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झवर एका मोनो ट्रॅकचं मिनिट साडेआठ एमबीच्या घरात जातं. आठ ट्रॅक तासभर चालले की चार जीबी संपले. त्यात बुवा टेकवर टेक देणारे. तात्यांनी पोरांना अभंग वाटून दिले.

सातारा हाताचा चपळ. बुवांनी मांडी घातली की हा रेकॉर्ड दाबून मोकळा. प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपला ट्रॅकचं नाव लागतं, आणि ट्रॅकला नावच दिलेलं नसेल तर 'ऑडिओ 1_01', 'ऑडिओ 1_02' अशी रांग लागत जाते. पहिल्या अभंगाच्या एडिटिंगला बुवा म्हणाले, "दुसरा चरण मी एकदा खालून उचलला होता बघ, तो घे." साताऱ्यासमोर शेकडो ऑडिओ होते. एकेक ऐकत बसला, तो चरण पहाटे सापडला. तात्या काही बोलले नाहीत. दोघांसाठी चहा मागवला.

पोराने ते मनाला लावून घेतलं. पुढच्या अभंगाला पसारा राहूच द्यायचा नाही, असं ठरवून मिक्सच्या आदल्या रात्री त्याने 'सिलेक्ट अनयूज्ड' केलं आणि 'क्लिअर' दाबलं. सॉफ्टवेअरने रीतसर विचारलं: नुसतं यादीतून काढू, की डिस्कवरूनच पुसू? (अशा वेळी मागाहून लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात, पण विचारायचं ते त्याने विचारलेलं असतं.) साताऱ्याने 'डिलीट' म्हटलं. यादी एका स्क्रीनवर मावली.

सकाळी बुवा आले ते खुशीत. "पखवाजाला कणीक लावणं चाललं होतं तेव्हा मी सहज गुणगुणत होतो ना? रात्रभर तेच डोक्यात आहे. अभंग त्यानेच उघडू."

ते टाइमलाइनवर आता कुठेच नव्हतं, म्हणून प्रोग्रॅमच्या लेखी ते न वापरलेलं होतं. डिस्कवरून पुसलेली फाइल अनडू करून परत येत नाही. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तात्यांनी लातूरचं सेशन उघडायला सांगितलं. तिथेही क्लिप्सची गर्दी होती, पण 'बुवा_चरण 2_खालून', 'पखवाज_लय चढली', 'बुवा_गुणगुण_चहाआधी' अशी. मंडळी उठून गेली की लातूर अर्धा तास थांबायची, दिवसभराचं ऐकायची, नावं टाकायची. खोकला आणि फसलेली सुरुवात यादीतून काढायची. फाइल मात्र अल्बम हातात पडेपर्यंत डिस्कवर, आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर. बुवांनी तिच्याकडची गुणगुण ऐकली. गोड होती, पण दुसऱ्या अभंगाची होती, सूरही वेगळा.

"आमच्या वेळी टेप ब्लेडने तिरकी कापायचो," तात्या म्हणाले. "कापलेला तुकडा चिठ्ठी लावून भिंतीला चिकटवायचा. रेकॉर्ड बाजारात जाईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. आता भिंत नाही, एवढंच."

सातारा पुटपुटला, "तात्या, पहिल्यांदा मी आवरलं नाही म्हणून घोळ झाला. या वेळी आवरलं, तरी झालाच."

"दोन्ही वेळी तू एकच काम चुकवलंस. नाव द्यायचं म्हणजे आधी ऐकावं लागतं. तू एकदा न ऐकता ठेवलंस, एकदा न ऐकता टाकलंस."

बुवा पुन्हा माइकसमोर बसले. तो दिवस जमून यावा म्हणून पखवाजवाल्याला परत कणीक मळायला लावली. बुवांनी घसा साफ केला, काचेकडे पाहिलं. आत सातारा अजून टाइप करत होता. आठही ट्रॅकना नावं पडल्यावरच लाल दिवा लागला.

गुणगुण नीट झाली, जरा जास्तच नीट. दोनदा ऐकून बुवांनीच मान हलवली, "हे गाणं झालं रे." शेवटी तो अभंग पेटीवर उघडला. त्या बैठकीचे पैसे बुवांनी घेतले नाहीत. पखवाजवाल्याने मात्र घेतले, कणकेसकट.